वाढलेलं आणि खाल्लेलं

आमच्या भोकरदनकडे घरात लग्न निघालं की यजमान पहिली चक्कर मारायचा ती जंजाळ सरांच्या घरी. आचारी, मंडप, बँड सगळं त्यानंतर. सर काही स्वयंपाकी नव्हते. त्यांनी केलेला चहा मी एकदा प्यायले आहे आणि पुन्हा ते धाडस केलं नाही. ते आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. पण पंगतीत वाढायला त्यांच्या तोडीचा माणूस आसपासच्या गावांत नव्हता. त्यांना जमणार नसेल तर तारीख पुढेमागे करणारी मंडळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

मी लग्न करून आले ती त्यांच्या शेजारी, आणि नोकरीला लागले ती त्यांच्याच शाळेत. दोन्ही घरांच्या परसात कमरेएवढी भिंत होती. शाळेत ते मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि भिंतीवरून ‘वंदना’. त्यांच्या बायकोला, निर्मलाकाकूंना, याची फार गंमत वाटायची. ‘कामून हो, शाळेच्या फाटकातून आत गेलं की पोरीचं नाव बदलतं का?’ असं त्या विचारायच्या. सर उत्तर देत नसत. बायकोच्या खोचक प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, एवढं शहाणपण त्यांना होतं.

सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. परवा एका लग्नात मी हातात ताट घेऊन रांगेत उभी होते. टेबलामागच्या माणसाने माझ्याकडे न बघता पनीरचे चार तुकडे ताटात टाकले आणि पुढच्या ताटाकडे वळला. जेवण चांगलं होतं, तक्रार काही नाही. पण मला सरांची आठवण आली.

उंच माणूस, आणि पाठीला थोडा बाक. तो फळ्यावर नकाशे काढून आला की पंगतीत वाकून, हे ठरवता येणार नाही. वाढायला उभे राहिले की शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर, खांद्यावर धुवट पंचा आणि डाव्या हातात वरणाची बादली. बादली कितीही भरलेली असो, सरांच्या पायजम्यावर कधी थेंब दिसला नाही. ‘पहिल्या पानाला पडंल तेच शेवटच्या पानाला पडलं पाहिजे’ हा त्यांचा पहिला नियम. ‘आग्रह तोंडानं करा, हातानं नको’ हा दुसरा. नव्याने वाढायला लागलेल्या पोरांना ते हे नियम उभ्या उभ्या शिकवायचे, आणि तिसरा नियम सांगताना आवाज खाली आणायचे. समोरून येताना पान बघा, रिकामं दिसलं तर वाढा. पण एकदा वाढून पुढे गेलात की मागे वळून त्या पानाकडे बघायचं नाही. कुणी काय बाजूला सारलं, कुणाला काय आवडलं नाही, ते आपण बघितलं की जेवणारा ओशाळतो. ‘दुसऱ्याच्या पानात नजर घालणं म्हंजे त्याच्या घासात हात घालणं’ असं ते म्हणायचे.

आष्टीकडच्या एका वऱ्हाडाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. एक गाडी येणार म्हणून सांगितलं होतं, आल्या तीन. वरण-बट्टीचं जेवण, बट्ट्या मोजून केलेल्या, मुलीच्या बापाचं तोंड पांढरंफटक. तो सरांपुढे हात जोडायला लागला तेव्हा सर म्हणाले, ‘हात जोडू नका, दोन परातीत बट्ट्या कुस्करून घ्या जल्दी.’ बट्टी अख्खी वाढली की माणूस मोजतो, कुस्करून वाढली की मोजत नाही. वरून वरण पडलं, वांग्याची भाजी पडली, सरांचा तोंडाचा आग्रह सुरू झाला. तिन्ही गाड्या पोट भरून उठल्या आणि व्याह्याने जाताना ‘थाट केलात’ म्हणून मुलीच्या बापाला मिठी मारली. सर नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी, आचाऱ्यांच्या बरोबर, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून जेवले. त्यांच्या वाट्याला करपलेली अर्धी बट्टी आणि कांदा आला होता. मी तिथे होते, आणि तो कांदा त्यांनी ज्या समाधानाने बुक्की मारून फोडला ते मला अजून दिसतं.

त्यांचा भूगोलही पंगतीतूनच यायचा. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय, हे पुस्तकात चार ओळींत आहे. सर सांगायचे, ‘समुद्रावरून ढग बादली भरून निघतो. कोकणात पहिली पंगत. तिथं आग्रह करकरून वाढतो. मंग घाट चढतो, दमतो. आपल्या जालन्यापर्यंत येस्तवर बादलीत पळी खडखडून राह्यलेली असती. आपुन शेवटच्या पंगतीचे लोक. पण म्हणून ढगाला शिव्या द्यायच्या न्हाईत, पान मांडून बसायचं.’ त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांना बाकी भूगोल आठवो न आठवो, हे आठवतं.

एवढा मोठा वाढपी, पण घरात मात्र त्यांनी कधी पळी उचलली नाही. घरी काकू वाढायच्या, सर पेपर वाचत जेवायचे, आणि सर उठले की काकू आपलं ताट घेऊन ओट्यापाशी बसायच्या. आमच्या आळीत सगळीकडे हेच होतं, त्यामुळे त्यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

सर निवृत्त झाल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात काकूंचं जेवण कमी होत गेलं. आधी उन्हावर ढकललं, मग उपासांवर. शेवटी संभाजीनगरला नेलं तेव्हा आतड्यापाशी गाठ निघाली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की गाठ साधी आहे, भ्यायचं कारण नाही, पण काढावी लागेल, आणि फार दिवस ठेवून चालणार नाही. अडचण वेगळीच होती. काकू इतक्या वाळल्या होत्या की त्यांना भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते. ‘वजन चाळीसच्या वर आणा, मग ऑपरेशन,’ ते म्हणाले. गाठीने भूक मारलेली, आणि भूक नाही म्हणून गाठ काढता येत नाही, असा तो पेच होता. आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला पंधराशे कॅलरींचं लक्ष्य दिलं. सरांची मुलगी शिल्पा पुण्याला असते. तिने येऊन बापाच्या मोबाइलवर कॅलरी मोजायचं ॲप टाकून दिलं, कसं भरायचं ते शिकवलं, आणि रजा संपली म्हणून रडत रडत परत गेली.

स्वयंपाकाला गल्लीतल्या एक मावशी येऊ लागल्या. वाढायचं काम सरांनी आपल्याकडे घेतलं. ‘पाच-पाचशे माणसांचा अंदाज घेतलेला माणूस मी, एका बाईचा घेता येणार न्हाई का?’ असं ते मला म्हणाले, आणि मलाही वाटलं, खरंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून सर मोबाइल घेऊन भिंतीपाशी यायला लागले. ते ॲप विचारायचं, भाकरी लहान, मध्यम की मोठी? ‘मावशींच्या भाकरीला लहान म्हणणारं माणूस अजून जल्माला यायचंय,’ सर म्हणायचे. पण प्रश्न अख्ख्या भाकरीचा नव्हताच. काकू मागायच्या चतकोर. कधी नितकोर, म्हणजे चतकोराचाही निम्मा. कधी नुसता भाकरीचा पापुद्रा, दुधात बुडवायला. पापुद्र्याच्या कॅलरी किती? शेंगदाण्याच्या चटणीची चिमूट, ती काकूंच्या बोटांची की सरांच्या? ताकाचा घोट केवढा धरायचा? मी शाळेत गणित शिकवते, म्हणून सर हे सगळं माझ्याकडे घेऊन यायचे. आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून एका खजुराचे तीन भाग करायचो आणि मोबाइलमध्ये ‘एक’च्या खालचा आकडा कसा टाकायचा यावर वाद घालायचो.

सगळ्यात अवघड होतं ‘उलुसं’. आमच्याकडे थोडंसं म्हणजे उलुसं. पाहुणा ‘उलुसं वाढा’ म्हणाला की वाटी भरायची असते, नाहीतर त्याला राग येतो. सरांची सगळी हयात ते पाहुण्यांचं उलुसं वाढण्यात गेली होती. काकूंनी ‘उलुसं द्या’ म्हटलं की त्यांचा हात सवयीने भरूनच जायचा. ‘उलुसंच हाय गं, खा,’ ते म्हणायचे, आणि खरंच त्यांना ते तेवढंच दिसायचं.

शिल्पाने पुण्याहून स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पाठवला. सरांनी तो खोक्यातून काढून बघितला आणि परत खोक्यात ठेवला. ‘सोनाराचं काम घरात नको. हाताला कळतं.’ मी खोडसाळपणे तो बाहेर काढला आणि म्हटलं, वाढा एक चमचा तूप. त्यांनी वाढलं, मी मोजलं, बरोबर निघालं. भात वाढला, तोही बरोबर. सरांनी मिशीतल्या मिशीत हसून काटा माझ्याच हातात दिला. ‘घेऊन जा, तुझ्या शिऱ्याला कामाला येईल,’ म्हणाले. माझा शिरा दर वेळी वेगळा होतो हे साऱ्या शाळेला माहीत होतं.

रोज मोबाइलवर पंधराशेच्या पुढे आकडा जायचा. हिरवी खूण यायची. सर ती खूण मला भिंतीवरून दाखवायचे, वर्गात पहिला आलेला मुलगा प्रगतिपुस्तक दाखवतो तशी. महिना झाला, काकूंना घेऊन संभाजीनगरला गेले, आणि वजन उलट दीड किलोने कमी भरलं.

डॉक्टर म्हणाले, ‘काका, तुम्ही सांगताय तेवढं त्या खात असत्या तर असं झालं नसतं.’

‘म्हंजे मी खोटं बोलून राह्यलो का?’ सर म्हणाले. त्यांचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता. दवाखान्याचा काटाच बिघडला आहे, असं ठरवून ते परत आले, आणि दुसऱ्या दिवशी काकूंना रिक्षात बसवून थेट मोंढ्यात घेऊन गेले. ओळखीच्या आडत्याने सोयाबीनचं पोतं उतरवून काटा पुसून दिला. मी सोबत होते. डोक्यावरचा पदर सावरत, भरल्या मोंढ्यात, हमालांच्या देखत काकू त्या धान्याच्या काट्यावर उभ्या राहिल्या. आकडा तोच. सर आडत्याच्या काट्याकडे रागाने बघत होते. काकू त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, ‘आलेच हैत तर माझा भाव बी विचारून घ्या.’ हमाल खो खो हसले. रिक्षात मात्र सरांनी काकूंचा हात धरलेला होता. त्या वयाच्या नवराबायकोने आमच्या गावात रस्त्याने हात धरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मला त्या दिवसापासून चैन पडेना. हात बरोबर, मापं बरोबर, बेरीज मीच तपासलेली, मग हे अन्न जातं कुठे? दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी वाटीभर शिरा घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा सर काकूंना वाढत होते. मऊ खिचडी, वर तूप, शेजारी दही, भाजलेला पापड. ताट सुरेख मांडलं होतं. वाढून झाल्यावर ते म्हणाले, ‘सावकाश होऊ दे,’ आणि मागे वळून न बघता बाहेर ओसरीवर जाऊन मोबाइलमध्ये भरायला लागले. एक वाटी खिचडी, एक चमचा तूप, अर्धी वाटी दही.

काकूंनी दोन घास खाल्ले. तिसरा हातात धरून बसल्या. मग ओसरीकडे एकदा बघितलं, पलंगाखालून एक जुनं भगुणं ओढलं आणि ताटातलं सगळं त्यात लोटून मागच्या दाराने परसात ठेवून आल्या. परसात त्यांचं राखणीचं कुत्रं शेपूट हलवत वाटच बघत होतं.

‘काकू!’ मी म्हटलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

‘किती दिवस चाललंय हे?’

‘पहिल्यापासनं,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘भरलेलं ताट दिसलं की मळमळून येतं, वंदना. कळतं मला, खाल्लं न्हाई तर डॉक्टर हात लावणार न्हाई. पण जात न्हाई त्याला मी काय करू?’

‘मग सरांना सांगा ना तसं.’

‘त्यांनी वाढलेलं आजवर कुणी पानात टाकलं न्हाई. अख्ख्या तालुक्यात कुणी टाकलं न्हाई. अन् मी, घरची बाई, त्यांच्या म्होरं टाकू?’ त्यांचे डोळे भरून आले. ‘रोज ती हिरवी खूण येती तव्हा त्यांचं तोंड बघ एकदा. तू सांगू नको बरं.’

मी हो म्हटलं नाही. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या पानात नजर घातली नाही, त्याने ती बायकोच्याही पानात घातली नव्हती. त्याने वाढलेलं मोजलं आणि खाल्लेलं धरलं. पंगतीत ते खपून गेलं असतं, कारण पंगतीत माणूस उपाशी राहिला तर घरी जाऊन खातो. काकूंना दुसरं घर नव्हतं.

संध्याकाळी मी सरांना भिंतीपाशी हाक मारली आणि सरळ सांगून टाकलं. वाटलं होतं, चिडतील. ते मागे वळले. त्या कुत्र्यासमोर जाऊन उभे राहिले. एवढ्या दिवसांत आमच्या आळीत वजन वाढलं होतं ते फक्त त्या कुत्र्याचं. त्याच्या गळ्यातला पट्टा रुतायला लागला होता आणि आमच्यापैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. सर त्याच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘पंधराशे.’ मला हसू आलं, आणि लगेच त्यांचा चेहरा दिसला.

‘मी पानाकडं बघितलंच न्हाई, वंदना,’ ते म्हणाले. ‘ती माझ्या म्होरं उपाशी राह्यली.’

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी काकूंचं ताट वाढलं आणि त्याच ताटासमोर मांडी घालून बसले. काकूंना कळेना. ‘ह्ये काय?’

‘मी बी जेवतो.’

‘जेवा की मंग. दुसरं ताट घ्या.’

‘यातच जेवतो.’

‘लोक काय म्हणतील!’

‘लोक कुठं हैत? वंदना हाय, ती परकी न्हाई. वंदना, तू तिकडं तोंड कर.’

मी तिकडे तोंड केलं. पण कान तर उघडेच होते. लग्नाला चाळीस वर्षं होत आलेली ती दोघं पहिल्यांदा एका ताटात जेवत होती, आणि दोघांनाही त्याची रीत माहीत नव्हती. सर मोठा घास घ्यायचे, काकू थांबून राहायच्या; ‘तुमचं होऊ द्या’ म्हणायच्या. मग सरांनी घास लहान करायला सुरुवात केली. तिच्याएवढा. बोराएवढा. तो खाऊन ते थांबायचे, ती खाईपर्यंत पुढचा उचलायचे नाहीत. ताटात वाढायचेही आता तळहाताएवढंच; संपलं तर पुन्हा, नाही संपलं तर राहिलेलं स्वतः खायचे. असं दिवसातून दोनदाचं चारदा झालं, पाचदा झालं. आणि ती दोघं बोलायला लागली. बोलणं कसलं, काकूच बोलायच्या. माहेरच्या ओढ्याचं, लग्नात हरवलेल्या जोडव्याचं, सासूने केलेल्या छळाचं, जे इतकी वर्षं सरांना पेपरामागे ऐकूच गेलं नव्हतं. सर म्हणायचे, ‘असं व्हय? मला कामून सांगितलं न्हाई?’ काकू म्हणायच्या, ‘तुम्ही जेवत होतात.’ बोलता बोलता त्यांचा हात ताटात जायचा. मी माझ्या परसात भांडी घासत असायची, आणि ते ऐकायला म्हणून घासलेलंच पुन्हा घासायची. आज त्या भिंतीपलीकडे कुलूप आहे. संध्याकाळी तिथून काही ऐकू येत नाही, आणि मला त्याची सवय होत नाही.

मोजायचं मात्र बंद पडलं. सरांनी दोन दिवस प्रयत्न केला. एक वाटी उपमा, त्यातला माझा किती, तिचा किती? पहिल्या दिवशी घास आठवून आठवून भरले. दुसऱ्या दिवशी काकू काही सांगत असताना मध्येच त्यांनी मोबाइल उचलला, तर त्या गप्प झाल्या आणि हातातला घासही खाली ठेवला. सरांनी मोबाइल फडताळावर ठेवून दिला तो कायमचा. शिल्पाने फोनवर ओरडा केला, ‘बाबा, आकडे कामून भरत न्हाई?’ तर म्हणाले, ‘एका ताटातल्या दोघांचं भरायला यात जागाच न्हाई.’

बाहेरून ते असं हसून बोलायचे, पण आतून घाबरलेले होते. आधी निदान खोटी का होईना, हिरवी खूण तरी होती. आता हातात काहीच नव्हतं. ‘उलुसं वाढलंय का गं तिचं वजन? तुला काय वाटतं?’ असं मला दोन दिवसांआड विचारायचे. मला खरंच कळत नव्हतं. रोज बघणाऱ्याला कळत नाही. मी म्हणायची, ‘वाढलंय, सर.’ ते म्हणायचे, ‘तू पोरांना बी असेच मार्क देती का?’

जानेवारीत आम्ही तिघं संभाजीनगरला गेलो. काट्याजवळ गेल्यावर सर मागेच थांबले, भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत. काकू काट्यावर चढल्या, मी वाकून आकडा बघितला. एक्केचाळीस आणि वर थोडं. मी तो मोठ्याने वाचला. सर तक्त्याकडेच बघत म्हणाले, ‘परत बघ.’ मी परत बघितला. मग ते वळले, पंच्याने तोंड पुसलं आणि डॉक्टरांना विचारलं, ‘कव्हा करताय?’

पुढचं आधी सांगून टाकते. ऑपरेशन नीट झालं. काकू आज पुण्याला लेकीकडे आहेत, ठणठणीत आहेत, फोनवर माझ्या शिऱ्याची चौकशी करतात. दवाखान्यातूनच शिल्पा दोघांना पुण्याला घेऊन गेली, थोडे दिवस म्हणून. ते थोडे दिवस लांबत गेले. सर फोनवर म्हणायचे, ‘उन्हाळ्यात येतो, हुरडा झाला की येतो.’ कुणीतरी लग्नाला बोलावल्याचं सांगायचे. मग त्यांनाच हृदयविकाराचा झटका आला, आणि आम्हाला कळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मला त्यांचं दर्शनही घेता आलं नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं जे आहे, ते दवाखान्यातलं आहे.

ऑपरेशन सकाळी होतं. आदल्या रात्रीपासून काकूंच्या पोटात काही नव्हतं. आधीच्या कुणाचं तरी लांबलं म्हणून यांचं पुढे गेलं, आणि अकरा वाजून गेले तरी कुणी न्यायला येईना. काकू हिरवा झगा घालून पलंगावर बसल्या होत्या. सर शेजारी स्टुलावर. शिल्पा औषधांच्या खिडकीपाशी गेली होती. मी खिडकीत उभी होते.

काकू म्हणाल्या, ‘अहो, भूक लागली.’

सरांना आधी कळलंच नाही. ‘काय लागलं?’

‘भूक. पोटात खड्डा पडून राह्यला सकाळपासनं. कायतरी द्या की.’

सर उठून उभे राहिले. त्यांनी पलीकडच्या टेबलाकडे बघितलं, तिथे शिल्पाने आम्हाला आणलेला डबा होता. मग नर्सकडे बघितलं. ‘आजोबा, पाण्याचा थेंबसुद्धा नाही,’ ती म्हणाली. सहा-सात महिने हा माणूस हे एक वाक्य ऐकायला जिवाचं रान करत होता, आणि ते आलं तेव्हा द्यायला हातात काही घेता येत नव्हतं. ते एकदम हसले, एवढ्या मोठ्याने की वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. ‘वंदना, ऐकलंस का? तिला भूक लागली!’ घरात पोर जन्मल्याची बातमी सांगावी तसं ते मला सांगत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसतही नव्हते.

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. काकू त्यावर पडूनही तक्रार करत होत्या, ‘उपाशी मारताल काय मला?’ सर स्ट्रेचरला धरून ‘व्हय व्हय, आता झालं, आता झालं’ म्हणत दारापर्यंत गेले. दार बंद झालं.

मला दुपारच्या गाडीने परतायचं होतं, दुसऱ्या दिवशी शाळा होती. मी डबा उघडून त्यांच्याजवळ नेला. पोळी होती, बटाट्याची भाजी होती. म्हटलं, ‘सर, बराच वेळ लागणार आहे. तुम्हीही कालपासून काही खाल्लं नाही. दोन घास खाऊन घ्या.’

त्यांनी डब्याकडे बघितलं आणि मान हलवली.

‘ती उपाशी हाय, वंदना,’ ते म्हणाले, आणि त्या बंद दाराकडे तोंड करून उभे राहिले.